हजेरीपट नसलेली ताई

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 2015 च्या सुमारास एक मोठा प्रयोग झाला. सरकारी माध्यमिक शाळांमधून 75 शाळा निवडल्या आणि कोणतीही शाळा कुठेही पडू शकेल अशा रीतीनं त्यांचे 25-25 चे तीन गट पाडले. ‘तरंग’ नावाचा राज्य सरकारचा जीवनकौशल्यांचा तास सगळ्याच शाळांत चालू होता. पहिल्या गटात तेवढंच ठेवलं. दुसऱ्या गटात त्याला जोडून ‘सेहेर’ नावाचा एक भरगच्च कार्यक्रम दिला आणि तो राबवायची जबाबदारी त्याच शाळेतल्या एका शिक्षकावर टाकली. तिसऱ्या गटात कार्यक्रम तोच होता, पण तो राबवायला बाहेरची एक स्थानिक व्यक्ती नेमली. ती शिक्षक नव्हती, डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञही नव्हती. तिला या कामाचं प्रशिक्षण दिलं होतं आणि शाळेत तिला दुसरं काहीच काम नव्हतं.

आठ महिन्यांनी नववीच्या 14 हजारांहून अधिक मुलामुलींना प्रश्नावली दिली. त्यात शाळेतलं वातावरण कसं वाटतं, मन किती खिन्न असतं, कोणी छळतं का, मारतं का, मुलगा-मुलगी भेदाबद्दल काय वाटतं, असे प्रश्न होते. बाहेरची व्यक्ती नेमलेल्या शाळांत जवळपास प्रत्येक बाबतीत सुधारणा दिसली. खिन्नता कमी झाली होती, दादागिरी आणि मारहाण घटली होती. शाळेच्या वातावरणाच्या मोजणीत तर एवढा फरक होता की शिक्षणक्षेत्रातल्या प्रयोगांत तो क्वचितच दिसतो. शिक्षकाकडे जबाबदारी दिलेल्या शाळांत मात्र काहीच बदललं नव्हतं. कार्यक्रम न मिळालेल्या शाळा आणि या शाळा यांच्यात फरक काढता येत नव्हता. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढच्या वर्षीही मोजणी झाली, आणि मिळालेला फायदा टिकून असल्याचं दिसलं.

शाळेतल्या मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यायची, या प्रश्नावर आपल्याकडे झालेल्या कामात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. त्यानं एक अवघड गोष्ट स्पष्ट केली. पुस्तिका चांगली असून भागत नाही, ती कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. आणि आपण गेली कित्येक वर्षं ती शिक्षकाच्याच हातात देत आलो आहोत.

यात शिक्षकांवर ठपका ठेवायचा हेतू नाही. नालंदातले शिक्षक वाईट होते म्हणून त्यांच्या गटात कार्यक्रम फसला, असं समजण्याचं काही कारण नाही. नववीला शिकवणाऱ्या एखाद्या सरांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सहा-सात तास, वह्यांचे गठ्ठे, पोषण आहाराचे आणि शिष्यवृत्तीचे तक्ते, ऑनलाइन माहिती भरणं, मधेच निवडणुकीची नाहीतर सर्वेक्षणाची ड्युटी. त्यात आणखी एक कार्यक्रम आला की तो उरलेल्या वेळात जातो, आणि उरलेला वेळ नसतोच. त्याहून मोठी अडचण नात्याची आहे. तोंडी परीक्षेचे गुण सरांच्या हातात असतात. वडील शाळेत आले की सर त्यांच्याशीच बोलतात. काल ज्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं, तोच मुलगा आज त्याच सरांना ‘घरी दारू पिऊन मारहाण होते’ हे सांगेल कसा? आणि ज्याला सांगायचं आहे तो शिक्षकच त्रासाचं कारण असेल, तर मुलानं जायचं कुठे?

तिसऱ्या गटातल्या व्यक्तीच्या हातात हजेरीपट नव्हता, हीच तिची सगळ्यात मोठी पात्रता होती. महाराष्ट्रातल्या शाळेत अशी व्यक्ती आली तर मुलं बहुधा तिला ‘ताई’ किंवा ‘दादा’ म्हणतील. म्हणून इथून पुढे मी तिला ताईच म्हणतो.

ताईचं काम खोलीत बसून रडणाऱ्या मुलांची वाट पाहण्याचं नव्हतं. कार्यक्रमाचा मोठा भाग सबंध शाळेसाठी होता. परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर एखाद्या विषयावर बोलणं, भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट, शिक्षकांसाठी कार्यशाळा हे सगळं तिच्याकडे होतं. शाळेची एक समितीही होती, आणि मुलांनी मांडलेल्या अडचणी तिच्यापर्यंत पोहोचत. ज्याला एकट्यानं बोलायचं असेल त्याच्यासाठी समुपदेशन होतंच. या सगळ्यात एक साधी पेटी होती, आणि तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवं.

मनातलं लिहून टाकायची ही पेटी. नाव लिहायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्याकडेही बऱ्याच शाळांत तक्रारपेटी असते. ती मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, शिपाईकाकांच्या डोळ्यांसमोर टांगलेली असते, कुलूप गंजलेलं असतं आणि किल्ली ऑफिसात असते. तीत चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्या शाळेला दिसतं, म्हणून तीत कोणी काही टाकत नाही. पेटीला जीव येतो तो दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे ती पाण्याच्या टाकीपाशी किंवा जिन्याच्या वळणावर, येता-जाता हात घालता येईल अशा जागी हवी आणि किल्ली ताईकडे हवी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, ते मुलांना दिसायला हवं. ‘मुलींच्या संडासाला आतून कडी नाही’ अशी चिठ्ठी येते आणि पंधरा दिवसांत कडी बसते. हे मानसिक आरोग्याचं काम आहे का, असं कोणी विचारेल. आहे. ज्या शाळेत कडी बसली, त्या शाळेत पुढची चिठ्ठी ‘मला जगावंसं वाटत नाही’ अशी येऊ शकते, कारण इथे लिहिलेलं कोणीतरी वाचतं, एवढी खात्री तोवर पटलेली असते.

आधी सगळ्या शाळेचं वातावरण आणि मग एकेका मुलाची अडचण, हा क्रम आपल्याकडे उलटा होतो. बाहेरून एखादे तज्ज्ञ बोलावले जातात, हॉलमध्ये चारशे मुलं मांडी घालून बसतात, तासभर ‘ताणतणावाचं नियोजन’ ऐकतात, शेवटी पुष्पगुच्छ होतो. त्याच दुपारी वर्गात एखाद्याला ‘तू ढ आहेस’ म्हटलं जातं. तासभराच्या व्याख्यानानं त्या वाक्याचा घाव भरत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं 2009 सालीच शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. अपमान हा छळ आहे, हे कायद्याला कळलं. ते स्टाफरूममध्ये बोललं जाण्यासाठी कोणीतरी रोज तिथे असावं लागतं.

नुसतं शिकवून मन घडत नाही, हे युरोपातही दिसलं आहे. ब्रिटनमध्ये 80 हून अधिक शाळांतल्या 8 हजारांवर मुलांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. वर्गातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मुलांना सजगतेचे, म्हणजे श्वासाकडे आणि क्षणाकडे लक्ष देण्याचे, धडे दिले. निष्कर्ष 2022 मध्ये आले: नेहमीच्या शिक्षणापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात काही अधिकचा फायदा झाला नाही. अनेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. त्याआधी, 2015 साली, युरोपातल्या 10 देशांत 168 शाळांत आणि 11 हजारांवर मुलांवर झालेल्या अभ्यासाचा अहवाल आला. त्यात धोक्याच्या खुणा ओळखायला शिक्षकांना शिकवणं हा एक उपाय होता. वर्षभरानंतर त्याचा ठळक परिणाम दिसला नाही. प्रशिक्षित माणसं वर्गात येऊन मुलांशीच बोलली, मुलांनी प्रसंग नाट्यरूपात करून पाहिले आणि त्यावर चर्चा केली, अशा उपायानं मात्र आत्महत्येचे नवे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. देश, भाषा, पैसा सगळं वेगळं असूनही नालंदाशी जुळणारं सूत्र इथेही सापडतं.

प्रशिक्षित सामान्य माणसाकडे हे काम सोपवण्याच्या विचाराचं एक मूळ आपल्या शेजारी, गोव्यात आहे. ‘संगाथ’ ही संस्था तिथे 1996 साली सुरू झाली. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या देशात लाखभर लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता येत नाही. जे आहेत त्यांतले बहुतेक शहरांत आहेत. मग तज्ज्ञांची वाट पाहत बसायचं की त्यांच्या कामाचे भाग पाडून, जे भाग नीट शिकवलेला सामान्य माणूस करू शकतो ते त्याच्याकडे सोपवायचे? संगाथनं दुसरी वाट धरली आणि ती चालते का हे वारंवार तपासून पाहिलं. शाळेसाठीच्या कार्यक्रमाची पहिली घडणही गोव्यातल्या माध्यमिक शाळांत झाली. नालंदाचा कार्यक्रम उभा राहिला तो या अनुभवावर.

पण ताईनं एकट्या मुलाशी बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं? संगाथच्या लोकांनी पुढे दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत यावरच काम केलं. तिथे प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी साधारण तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी घ्यायच्या होत्या, एकेक भेट वीस-तीस मिनिटांची. भेटीत एकच कौशल्य शिकवायचं: अडचण नेमकी ओळखायची, तिच्यावरचे पर्याय काढायचे आणि त्यातला एक करून बघायचा. ऐकायला हे फार साधं वाटतं. प्रत्यक्षात अवघड जाते ती पहिलीच पायरी. समजा, नववीतली एक मुलगी ताईसमोर येऊन बसली आहे.

“काय होतंय?”

“काही नाही, ताई. सगळंच नकोसं झालंय.”

“सगळ्यातलं या आठवड्यात जास्त काय टोचलं?”

बराच वेळ काही नाही. मग, “शाळेत यावंसंच वाटत नाही.”

“शाळेतली कुठली वेळ सगळ्यात वाईट जाते?”

“मधली सुट्टी. डबा खाताना मी एकटीच असते. आधी आम्ही चौघी बसायचो. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत.”

‘सगळंच नकोसं’ इथपासून ‘मधल्या सुट्टीत एकटी’ इथपर्यंत येणं, यातच निम्मं काम झालं. सगळ्या आयुष्यावर इलाज नसतो, मधल्या सुट्टीवर असू शकतो. ताईनं इथे ‘अगं, मैत्रिणी काय, येतात-जातात’ असं म्हणायचं नाही. उपदेश करायचा मोह आवरायला तिला प्रशिक्षणात सगळ्यात जास्त कष्ट पडतात. मुलीनंच पर्याय सांगायचे आणि ते कागदावर लिहायचे. चौघींतल्या एकीशी, जी जरा मऊ आहे तिच्याशी, एकटं गाठून बोलायचं. दुसऱ्या वर्गातल्या मावसबहिणीबरोबर बसायचं. वर्गशिक्षिकेला सांगायचं. काहीच करायचं नाही, हाही पर्याय लिहायचा. प्रत्येकाचं बरंवाईट मुलीनं स्वतः तोलायचं, एक निवडायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत करून बघायचा. गुरुवारी ती येऊन सांगते की बोलून पाहिलं, ती मैत्रीण तोंड फिरवून गेली. मग यादीतला दुसरा पर्याय. फसलेल्या पर्यायाला ताई अपयश म्हणत नाही, आणि मुलगीही हळूहळू म्हणेनाशी होते.

दिल्लीत 250 मुलामुलींवर याची चाचणी झाली. निम्म्यांना समुपदेशकाच्या भेटी आणि चित्रकथेसारख्या पुस्तिका मिळाल्या, निम्म्यांना नुसत्या पुस्तिका. ज्या अडचणी मुलांनी स्वतः सर्वांत त्रासदायक म्हणून सांगितल्या होत्या, त्या भेटी मिळालेल्यांत अधिक कमी झाल्या. मानसिक लक्षणं मोजणाऱ्या ठरावीक प्रश्नावलीवर मात्र सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणजे हा काही जादूचा उपाय नाही. पण शाळेत ताईकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना आजाराचं नाव नको असतं, डोक्यावर बसलेली एक अडचण उतरवायची असते. तेवढं तीन आठवड्यांत होत असेल तर ते मी कमी मानणार नाही.

काही मुलांना मात्र याहून पुष्कळ जास्त मदत लागते. मनाच्या आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत 7.3 टक्के मुलांना निदान करता येईल असा त्रास आढळला, म्हणजे चाळीसच्या वर्गात तीन. 2022 साली देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता. एखाद्या मुलाच्या मनात असे विचार आहेत अशी शंका आली तर ताईनं सरळ विचारायचं असतं, “मरून जावं असं वाटतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं उलट मूल मोकळं होतं. त्यानंतर मात्र ताईनं एकटीनं पेलायचं नसतं. मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलावायचं, जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागापर्यंत सोबत जायचं. 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, आणि मराठीतही बोलता येतं.

गुप्ततेचं वचन इथेच कसाला लागतं. ‘कोणालाही सांगणार नाही’ असं ताईनं कधीच म्हणायचं नाही. पहिल्याच भेटीत सांगायचं असतं की, तू बोललेलं माझ्याकडेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर अत्याचार होत असेल, तर मला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन. लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. बाकीच्या गोष्टींत मात्र मुख्याध्यापकांनी ‘ती काय सांगत होती?’ म्हणून विचारलं तरी उत्तर मिळता कामा नये. एकदा का ताईला सांगितलेलं स्टाफरूममध्ये चहाबरोबर फिरलं की त्या शाळेत पुन्हा कोणी दार वाजवत नाही. दाराचा प्रश्नही खराच आहे. आपल्या शाळांत रिकामी खोली नसते. प्रयोगशाळेचा कोपरा, ग्रंथालयाची मागची बाजू, कुठेही चालेल. आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये आणि बाहेरून आतली दोघं दिसावीत, एवढं सांभाळलं म्हणजे झालं.

आता आपल्या धोरणाकडे वळू. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्र सरकारनं आयुष्मान भारत योजनेखाली शाळांसाठी आरोग्य कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी ‘आरोग्यदूत’ व्हायचं आणि आठवड्यातून एक तास घ्यायचा. अकरा विषयांत भावनिक आणि मानसिक आरोग्य हाही एक विषय आहे. हेतू चांगला आहे, साहित्यही बरं आहे. पण ही रचना म्हणजे नालंदाचा दुसरा गट आहे. निष्कर्ष प्रसिद्ध होऊन वर्षभर झाल्यावर आपण देशभर तीच मांडणी निवडली, ज्यातून काही हाती लागलं नव्हतं. कारण उघड आहे: शिक्षक आधीच पगारावर आहे, ताईला नवा पगार द्यावा लागतो. महाराष्ट्राचं परीक्षा मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर करतं, त्याचा कित्येक मुलांना आधार होतो. पण तो आधार फेब्रुवारी-मार्चचा. सातवीतल्या मुलाला ऑगस्टमध्ये कोणी विचारत नाही.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. त्याहून छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी. खासगी शाळा हे पद फीमधून भरतील. प्रश्न आहे तो जिल्हा परिषदेच्या शाळांचा, अनुदानित शाळांचा आणि आश्रमशाळांचा. आश्रमशाळेतलं मूल जूनमध्ये घर सोडून येतं, त्याची घरची बोली गोंडी किंवा भिली असते, आणि रात्री रडू आलं तर जवळ असतो तो अधीक्षक. ताईची गरज सर्वांत जास्त तिथे आहे.

तिथे मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर माणसाची अट धरून बसलो तर पदं रिकामीच राहतील. त्याच तालुक्यातली, तीच बोली बोलणारी, पदवी झालेली मुलगी किंवा मुलगा निवडावा, काही आठवडे नीट शिकवावं आणि पूर्ण पगारावर शाळेत ठेवावं. आशा कार्यकर्तीला मोबदल्यावर राबवलं तसं इथे करू नये. आणि एक गोष्ट पैशाअभावी कधीही कापू नये: ताईवर देखरेख करणारं माणूस. एका प्रशिक्षित पर्यवेक्षकाकडे आठ-दहा शाळा असाव्यात. त्यानं दर आठवड्याला सगळ्या ताईंना एकत्र बसवून, मुलांची नावं न घेता, या आठवड्यात कुठे अडलं ते ऐकावं. असं बसणं नसेल तर शिकवलेलं सहा महिन्यांत विरतं आणि ताई परत उपदेशावर येते. शिवाय मुलांचं ऐकून ऐकून तिचंही मन जड होतं, ते कुठेतरी उतरवायला हवं.

शिक्षकांना या रचनेत जागा आहे, आणि ती महत्त्वाची आहे. रोज वर्गात असल्यामुळे पहिला बदल त्यांनाच दिसतो. अक्षर एकाएकी बिघडणं, पोटात दुखतंय म्हणून दर सोमवारी घरी जाणं, पूर्ण बाह्यांचा शर्ट भर उन्हाळ्यात न काढणं. असा बदल दिसला की मुलाला वर्गासमोर काही न विचारता ताईचं दार दाखवायचं, एवढंच त्यांच्याकडून मागावं. दिल्लीच्या अनुभवात आणखी एक दिसलं. समुपदेशक स्वतः प्रत्येक वर्गात जाऊन अर्धा तास आपल्या कामाबद्दल मुलांशी बोलला की शिक्षकांनी पाठवायची वाट न बघता मुलं आपणहून येऊ लागतात. त्यासाठी वेळापत्रकात प्रत्येक तुकडीचा एक तास जूनमध्येच राखून ठेवावा लागेल.